काठावरच्या चपला

पाण्यातून डोकं वर काढलं तर वरून हंबरडा ऐकू आला.

"अगं माझ्या लेकी, काय कमी केलं गं मी तुला! काय कमी केलं!"

मी डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि मान वर केली. विहिरीच्या काठावर गोल करून अख्खी तरसवाडी उभी होती. मधोमध माझ्या सासूबाई ऊर बडवत होत्या आणि त्यांच्या हातात माझ्या चपला होत्या. शेजारी पोलीस पाटील बाजीराव अण्णा खिशाला पेन लावून उभे होते. माणूस पंचनाम्याच्या तयारीनंच आला होता.

मला काही उलगडा होईना. मी आपली आनंदात होते. सासूबाईंची तांब्याची कळशी श्रावणात विहिरीत पडली होती, ती दोन-तीन बुड्यांत मला गाळात सापडली होती.

"आत्या, तुमची कळशी घावली!" मी खालून ओरडले.

वरचा हंबरडा एकदम थांबला. मी दगडी पायऱ्या चढून वर आले, ओला पदर पिळला, कळशी त्यांच्यापुढे ठेवली. आत्यांनी कळशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चारचौघांत माझ्या थोबाडीत भडकावली. मग तिथंच मला मिठी मारून रडायला लागल्या. माझी चप्पल तेवढ्या वेळ माझ्या पाठीत रुतत होती, कारण ती त्यांनी हातातून सोडलीच नव्हती.

लग्नाला तेव्हा चार-पाच महिने झाले होते. माझं माहेर सांगलीकडं, कृष्णेच्या काठावर. दादा, म्हणजे माझे वडील, नाव चालवायचे. त्यामुळे मला चालायला आधी आलं की पोहायला, यावर घरात अजून वाद आहे. सासर मात्र माण तालुक्यातलं. तिथं टँकर आला की लोक देव आल्यासारखे धावायचे. पाणी म्हणजे भरायची, पुरवायची आणि झाकून ठेवायची वस्तू. त्यात कुणी हौसेनं उतरतं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. पोरं सोडाच, बाप्येही पोहणारे बोटावर मोजण्याइतके. त्या वर्षी परतीचा पाऊस बरा झाला होता, विहीर चांगली भरली होती, आणि आश्विनातल्या उन्हात माझ्या अंगाची काहिली होत होती. दुपारी सगळी आडवी झाली तशी मी कासोटा घालून उतरले. चपला मात्र काठावर नीट जोडून ठेवल्या. दादांची शिस्त होती तशी. त्या चपलांनीच घात केला.

संध्याकाळी आत्यांनी मला देवघरासमोर बसवलं. त्यांचं नाव हौसाबाई. गाव त्यांना हौसाआक्का म्हणायचं आणि टरकून असायचं.

"कालिंदा, आमच्यात बाई हिरीत उतरती ती एकदाच," त्या म्हणाल्या. "काठाव चपला दिसल्या की आमी इचारत न्हाई, दोर आणाय पळतो. कळलं?"

"पण आत्या, मला चांगलं पोहता येतं."

"येत आसंल. पुन्यांदा पाण्यात पाय घालायचा न्हाई. माझ्या गळ्याची आन हाय तुला."

"कळशी तरी..."

"मरू दे ती कळशी!"

मी शपथ घेतली. काय करणार! नवऱ्याकडं, हणमंतकडं, मदतीच्या आशेनं बघितलं, तर त्यानं गंभीर चेहरा करून पंचांग उघडलं. त्याला पंचांग वाचता येत नाही.

पाच-सहा वर्षं मी ती शपथ पाळली. माहेरी गेले तरी घाटावर बसायची, पाय पाण्याबाहेर. दादा हसायचे, मला रडू यायचं. पोहणं ही माझी एकुलती एक कला. शिक्षण सातवीपर्यंत, स्वयंपाक बेताचा, शिवण उसवते. ज्या एका गोष्टीत मी कुणाला हार गेले नसते, ती सासरच्या गावात अपशकुन ठरली होती.

मग गावात शेततळी आली.

शेतात हा एवढा मोठा खड्डा खणायचा, आतून काळं प्लास्टिक अंथरायचं आणि पावसाचं, विहिरीचं पाणी त्यात साठवायचं. ज्यांनी जन्मभर हंड्यानं पाणी मोजलं, त्यांच्या शेतात पुरुषभर नव्हे, दोन पुरुष पाणी उभं राहिलं. लोक संध्याकाळी नुसते बघायला जायचे. आमच्या घरचं तळं माझ्या धाकट्या दिरानं, विलासनं घेतलं. त्याची बायको रेश्मा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बडबडी, गोड पोरगी. मला "अक्का, अक्का" करत मागं-मागं असायची आणि माझ्या वाटणीच्या भाकरी थापून द्यायची. माझा तिच्यावर जीव का होता ते यावरून कळेल.

तळं भरलं तसं आत्यांनी फर्मान काढलं, "आसरांची वटी भरल्याबिगर एक थेंब उचलायचा न्हाई."

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. नव्या पाण्याला त्यांची ओटी लागते. तळ्याच्या बांधावर सात दगड मांडले, शेंदूर लावला, गाव बोलावलं. आत्या ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं नेसून आल्या होत्या. ओटीचा मान तळ्याच्या मालकिणीचा, म्हणून रेश्मा नटूनथटून पुढे. खण, नारळ, तांदूळ पदरात. चपला तिनं बांधावर काढल्या.

"इथूनच टाकू का, आत्या?" तिनं विचारलं.

"फेकायची आसती व्हय वटी? ती काय कोंबड्यास्नी दाणं हायती? खाली वाकून हातानं सोड."

मी तोंड उघडलं होतं. ते काळं प्लास्टिक ओलं होतं आणि उतार उभा होता. पण आत्यांसमोर पाण्याचा विषय काढायची मला बंदी होती. माझा "रेश्मा, थांब" ओठांपर्यंत आला तोवर तिनं उतारावर पाय ठेवला होता.

ती ओरडलीसुद्धा नाही. बसल्यासारखी झाली आणि घसरत गेली. आधी नारळ पाण्यात पडला, मग ती. नारळ तरंगला.

विलास धावला. "त्याला धरा!" मी किंचाळले, "त्याला येत नाही!" हणमंतनं त्याला मागून कवळा घातला. दोघे बांधावर कोसळले. गाव नुसतं ओरडत होतं. माझे पाय पुढं गेले आणि काठावर अडले. आज विचार केला की हसू येतं, पण खरं सांगते, त्या क्षणी मी आत्यांकडं बघितलं. गळ्याची आन घातलेली होती त्यांनी.

आत्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बघतीयास काय माझ्या तोंडाकडं?" त्या ओरडल्या. "टाक उडी!"

मी उडी टाकली.

एवढ्या वर्षांनी पाण्यात गेले, पण अंग काही विसरलं नव्हतं. दादांनी शिकवलेलं सगळं जागेवर होतं. बुडणाऱ्याच्या समोरून जायचं नाही, तो तुला शिडी समजून चढेल. मागून जा, केस धर, तोंड वर ठेव. रेश्माचा अंबाडा माझ्या मुठीत आला. तिनं हात झाडले, मला ओरबाडलं, पण मी तिला उताणी केली आणि तिच्या कानाशी म्हणत राहिले, "मी हाय, रेश्मा. अक्का हाय. नुसती पडून रहा." ती खोकली. पोरगी श्वास घेत होती. झालं, असं मला वाटलं. मी दोन हात मारले आणि काठाला आले.

आणि तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली. मी काठावर हात टेकला, हात घसरला. पाय रोवायला गेले, पाय घसरला. साबण लावलेल्या परातीवर माशी चढावी तशी माझी गत झाली. आमच्या नदीला काठ असतो. कुठंतरी दगड असतो, झाडाची मुळी असते, गाळ असतो. या पाण्याला काठच नव्हता. मी कितीही चांगली पोहणारी असले तरी इथून बाहेर येणं माझ्या हातात नव्हतं, आणि एका हातानं जाऊ धरून किती वेळ तरंगणार?

"हात द्या!" मी ओरडले.

बाजीराव अण्णा हात द्यायला उतरले आणि गुडघ्यापर्यंत आत घसरले. लोकांनी त्यांना धोतराला धरून मागं ओढलं. दोर आणायला कुणीतरी वस्तीकडं पळालं होतं. वस्ती टेकाडापलीकडं. माझा दम तुटायला लागला. ओल्या साड्यांचं ओझं, त्यात रेश्मा पुन्हा घाबरून माझ्या गळ्याला लोंबकळायला लागलेली. पाणी माझ्या नाकात गेलं. वरचं सगळं मला अर्धवट दिसत होतं.

त्या अर्धवट दिसण्यात मला हिरवा रंग दिसला.

आत्या लुगडं सोडत होत्या. ज्या बाईचा डोक्यावरचा पदर मी सहा वर्षांत ढळलेला बघितला नव्हता, ती बाई भर उन्हात, गावच्या सगळ्या बाप्यांसमोर, निऱ्या उपसून काढत होती. अंगावर राहिली चोळी, आणि खाली वारलेल्या सासऱ्यांची जुनी, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी. ती त्या आतून घालायच्या हे आम्हा सुनांनाही ठाऊक नव्हतं.

गावातल्या पुरुषांनी लाजेनं तोंडं फिरवली. एकजात सगळ्यांनी.

"आरं मुडद्यांनो, तोंडं काय फिरवताय?" आत्यांचा आवाज अख्ख्या शिवारात गेला असेल. "पदर धरा! माझ्या सुना हायत्या खाली!"

मग मात्र सगळे धावले. पदर वर माणसांच्या हातात राहिला आणि लुगड्याचं दुसरं टोक उतारावरून सळसळत माझ्याकडं आलं. पहिल्या फेकीला हात पोचला नाही. आत्यांनी ते ओढून घेतलं, टोकाला गाठ मारली, गाठीत आसरांच्या सातांपैकी एक दगड बांधला आणि पुन्हा फेकलं. देवाचा दगड होता, पण त्या वेळी त्यांना कशाचं काही नव्हतं. टोक माझ्या खांद्यावर येऊन आदळलं. मी ते रेश्माच्या काखेखालून घेऊन गाठ आवळली आणि म्हणाले, "ओढा!"

आधी रेश्मा गेली. मग मी. इरकली लुगडं, कुठं उसवलंसुद्धा नाही.

वर आले तेव्हा आत्या तशाच उभ्या होत्या. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर उपरणं टाकलं होतं, ते त्यांनी रेश्माला गुंडाळलं. रेश्मानं ओकून पाणी काढलं, रडली, आणि पहिलं वाक्य काय म्हणाली? "आत्या, वटी नीट सुटली का?" त्या गर्दीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अंगणात लुगडं वाळत घालत होत्या. मला हाक मारली. मी गेले तर त्या माझ्याकडं न बघता लुगड्याच्या चुण्या सारख्या करत राहिल्या.

"माझी पाठची भन हुती. गोदा," त्या म्हणाल्या. "तुला कुनी सांगितलं नसंल. ह्या घरात तिचं नाव कुनी काढत न्हाई."

मी लुगड्याचं दुसरं टोक धरलं.

"सासरी लई जाच हुता तिला. लगीन होऊन दुसऱ्या साली तिच्या चपला हिरीच्या काठाव घावल्या. मी गेलती बघाय. सगळी म्हनली, जिवाला कटाळली हुती, सुटली. पन मी हिरीत डोकावून बघितलं, कालिंदा." त्यांचे हात थांबले. "भिंतीवरचं शेवाळ समदं खरवडल्यालं हुतं. नखांनी. पार पान्यापास्नं हात पुरंल तितवर."

सरळ केलेली चुणी त्यांनी पुन्हा सरळ केली.

"माझ्या गोदीला जगायचं हुतं गं. उडी टाकल्याव तिला जगावंसं वाटलं. पन तिला वर येता आलं न्हाई. कुनी शिकीवलंच नव्हतं."

मला तेव्हा ती थोबाडीत बसलेली चापट पुन्हा आठवली आणि पाठीत रुतणारी चप्पलही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला, डोळे पुसले आणि नेहमीच्या दरडावणीच्या आवाजात म्हणाल्या, "ती आन मोडली काल. आता दुसरी घालते. गावातल्या येकूनयेक बाईला, पोरीला पवायला शिकवायचं. माझ्या गळ्याची आन हाय."

"आत्या, मी काय मास्तरीण आहे का? सातवी पास मी."

"मग आटवीत गेली आसं समज."

अशी माझी नेमणूक झाली. अर्ज नाही, मुलाखत नाही.

बाजीराव अण्णा समजूत घालायला आले. ओसरीवर बसून म्हणाले, "आक्का, बायांना पवायला शिकवून काय करायचं? आलंपिकला धाडायच्या?"

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "तुमी पुन्यांदा तळ्यात घसारला, तर तुमास्नी काढायला."

अण्णांनी चहा अर्धा टाकला आणि गेले. पहिल्या आठवड्यात त्यांचीच नात आली. तिला आजोबांनीच धाडलं होतं, हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं.

शिकवणं मला सोपं वाटलं होतं, ते मुळीच नव्हतं. मला पोहता यायचं, पण पोहायला येत नाही म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं. बाया विहिरीच्या पायरीवर उभ्या राहून थरथर कापायच्या. पहिले कितीतरी दिवस मी त्यांना फक्त पाण्यात बसून गप्पा मारायला लावलं. सासूला नावं ठेवा म्हटलं की त्या भीती विसरायच्या. वर कठड्याशी माझी सासू बसलेली असायची, तिच्यासमोर. मग पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधले, मग कॅन लहान केले, मग एक दिवस न सांगता काढून घेतले. सगळ्यांत आधी रेश्मा सुटली. विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली आणि तिथं हात लावून अशी किंचाळली, की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

पहिला धडा मात्र पोहण्याचा नसतो. आजही नसतो. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला काठावर उभी करते आणि टोकाला दगड बांधलेलं लुगडं फेकायला लावते. लाज सोडायला त्याहून चांगला व्यायाम मला सापडलेला नाही. आमच्या गावातल्या प्रत्येक शेततळ्याला आता गाठी मारलेले दोर सोडलेले आहेत, ते बायांनी सोडलेत.

पुढं शाळेच्या गुरुजींनी पोरी धाडल्या, मग पोरंही. शेजारच्या गावांनी बोलावलं. एका संस्थेनं मानधन सुरू केलं. आता वर्षातले कितीतरी महिने मी या गावची विहीर, त्या गावचा बंधारा करत फिरते. जिथं जाईन तिथं पोरं ओरडतात, "पवायच्या बाई आल्या!" बस थांबवून लोक विचारतात, "बाई, आमच्याकडं कधी?" नवरा चेष्टा करतो, पण माझी पिशवी तोच भरून ठेवतो. दादांना शेवटच्या आजारात मी सांगितलं, की दादा, मी शिक्षिका झाले. ते म्हणाले, "नावाड्याची पोरगी. माणसं पलीकडं न्यायचीच." मला अभिमान वाटतो. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आत्या स्वतः कधी पाण्यात उतरल्या नाहीत. घोट्यापर्यंतसुद्धा नाही. पण वर्ग चुकवला नाही. बाया खाली उतरल्या की त्या काठावर सगळ्यांच्या चपला गोळा करायच्या आणि कठड्याकडेनं ओळीनं लावायच्या. टाचा एका रेषेत. कुणाची वाकडी दिसली तर काठीनं सरळ करायच्या. पहिल्या वेळी प्रत्येक जोडामागं त्यांना विहिरीतलं एकेक डोकं मोजताना मी खालून बघितलं होतं. नंतर नंतर त्यांनी मोजायचं सोडलं.

त्या गेल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. वर्ग भरला होता. विहिरीत नुसता गलका चालला होता. वरच्या रस्त्यानं परगावचा एक मोटारसायकलवाला चालला होता. त्यानं विहिरीच्या काठावर बायकांच्या चपला बघितल्या. एक जोड नाही, दोन नाहीत, कठडाभर. गाडी तशीच आडवी टाकून तो रडकुंडीला येऊन धावत सुटला.

"ओ आज्जी! आज्जी! आवं कोन पडलं? किती जणी पडल्या?"

मी खालून वर बघितलं. आत्यांनी काठीनं एक चप्पल सरळ केली. डोक्यावरचा पदर सारखा केला. मग त्याच्याकडं बघून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"कोन न्हाई पडलं, बाबा. शाळा भरलीया."